चार व्हॉल्व्ह आणि माझा एक आदेश

लिंबाजी,

आपल्या सहकारी संघाच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर तुझ्या नावामागे त्यांनी 'कर्तव्यदक्ष' असं लिहिलं होतं. खडूनं, ठळक, खाली दोन रेघा ओढून. ते वाचलं आणि धोतराच्या सोग्यानं तो फळा पुसून टाकावा, असं मला वाटलं. ज्या संस्थेच्या दप्तरात तुझ्या नावापुढे 'निष्काळजीपणा' हा शब्द इतकी वर्षं सुखरूप बसून आहे, त्या संस्थेला भिंतीच्या बाहेरच्या अंगाला निराळा शब्द लिहिण्याचा अधिकार कोणत्या पोटनियमानं दिला? मी तसाच आत गेलो आणि विचारलं.

"काका, माणूस गेल्यावर चांगलंच लिहायचं असतं," नवा सचिव म्हणाला.

"मग आतही चांगलं लिहा. काढा ते चौकशीचं बाड."

"ते आता कुठं सापडायचं?"

"तिसरं कपाट, खालचा कप्पा. मीच ठेवलं आहे."

तो कपाटाकडे वळला. मी मात्र त्याच्याआधीच बाहेर पडलो. कारण त्या बाडात काय आहे हे सांगायला मी एका पायावर तयार होतो. त्यात काय नाही, हे सांगायची माझी तयारी नव्हती.

तुला माझा राग ठाऊक होता. तू त्याला 'कंप्रेसर' म्हणायचास. "सायेबांचा कंप्रेसर सुरू झाला रे, आता समदी हवा निघल्याबिगर बंद होत न्हाई." माझ्यासमोर म्हणायचास, आणि मीही कधी मनावर घेतलं नाही. आयुष्यभर मी तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत पत्रं लिहिली, कलमं लावून, स्मरणपत्रं जोडून. आज हे पत्र तुला लिहितो आहे, आणि यात कुठलंही कलम माझ्या मदतीला येणार नाही.

तू संघाच्या बोअरच्या गाडीवरचा चालक आणि तिचा फिटरही तूच. मी संघाचा सचिव. तुझे वडील मेंढरं घेऊन माळ तुडवत फिरले आणि तू तशीच ती गाडी घेऊन फिरलास. वडवणीपासून दिंद्रुडच्या शिवारापर्यंत एकही पांदण अशी नसेल, जिथे तुझ्या चाकाचा ठसा उमटला नाही. विहिरींचे तळ उघडे पडले त्या वर्षी संघानं सभासदांसाठी ती जुनी गाडी घेतली. कोणत्या गावाची पाळी कधी, याची यादी माझ्याकडे असे. अर्ज ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं मी पाळी देत होतो, आणि म्हणून गावोगावचे पुढारी माझ्यावर डूख धरून होते. संचालक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत: आमच्या गावाला अगोदर पाठवा. मी त्यांना पोटनियम दाखवी. तू दारात उभा राहून हे सगळं ऐकायचास आणि ते गेले की म्हणायचास, "सायेब, जमिनीतलं पानी तुमच्या यादीनं चालत न्हाई. पर माणसं चालतेत, हे बरं हाय."

त्या गाडीचा आजार तूच पहिल्यांदा ओळखलास. बोअर घेताना गाडीचे चार लोखंडी पाय तेलाच्या दाबानं खाली उतरतात आणि सबंध गाडी उचलून धरतात. चाकं अधांतरी राहतात, वजन चार पायांवर येतं. पण आत कोंडलेलं तेल, पाय खालीवर करणारं जे हँडल त्याच्या ठोकळ्यातून हळूहळू मागे झिरपतं आणि एखादा पाय नकळत बसत जातो. बोटभर बसला तरी शिडीसारखा उभा खांब कलतो, बोअर वाकडं जातं, आणि पाणी लागूनही मोटार खाली उतरत नाही. अशी दोन बोअरं त्या वर्षी वाया गेली. लोक म्हणाले, पाणाड्यानं जागा चुकीची दाखवली. तू म्हणालास, "पानाड्याचा काय दोष? गाडीचा पाय बसतुया."

आणि मग एका सकाळी तू माझ्या कचेरीच्या पायरीवर चार छोट्या, जड, तेलानं काळ्या झालेल्या वस्तू पोत्याच्या तुकड्यावर मांडून बसलास. मूठभर आकाराचे लोखंडी ठोकळे. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, लॉक वॉल. इंग्रजी पुस्तकात त्यांचं नाव पायलट चेक व्हॉल्व्ह असं आहे, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र माझ्या सायकलकडे बोट करून तू मला शिकवलंस.

"ट्यूबचा वॉल बगा. हवा आत जाऊ देतो, भाईर येऊ देत न्हाई. हाय का न्हाई? ह्यो बी तसाच. तेल पायात गेलं की दार बंद. वरून हत्ती बसला तरी तेल मागं येत न्हाई, अन् तेल आलं न्हाई तर पाय बसत न्हाई."

"मग पाय वर कसा घेणार? कायमचाच अडकला की."

"तिथंच तर मेख हाय. ह्या दाराला एक चावी हाय, अन् ती चावी पायाकडं न्हाई, दुसऱ्या नळीकडं हाय. पाय वर घ्यायला आपुन दुसऱ्या बाजूनं तेल सोडतो. त्या तेलाचा दाब हितं येतो, ही बारीक सळई ढकलतो, अन् दार उघडतं. समोरच्या बाजूनं दाब आल्याबिगर उघडायचं न्हाई, अशी आन घातल्यावानी."

मी कायद्याचा माणूस. ती रचना मला एकदम आवडली. एका पक्षाच्या संमतीखेरीज दुसऱ्याला हलता येऊ नये, असा करार माणसांत मला कधी पाळलेला दिसला नव्हता.

ते व्हॉल्व्ह कुठं बसवायचे, यावर बैठकीत वाद झाला तो आठवतो? एक संचालक म्हणाले, चार कशाला, एकच हँडलपाशी बसवा. तू खाली मान घालून उभा होतास. तुला बोलायची परवानगी नव्हती, ती मी अध्यक्षांकडून मागून घेतली. तू म्हणालास, "मालक, घराची कडी घराच्या दाराला लावतेत. वेशीला लावली अन् मधल्या बोळात चोर शिरला, तर कडीचा काय उपेग?" कुणाला कळलं नाही. मग तू सांगितलंस की हँडल आणि पाय यांच्यामधली रबरी नळी हाच तो बोळ. नळी फुटली तर हँडलपाशी बसवलेल्या व्हॉल्व्हनं काहीच अडत नाही. तो पायाच्या तोंडाशीच, नळीच्या अलीकडे, घट्ट आटे देऊन बसला पाहिजे. बैठक हसली. विषय 'विचाराधीन' राहिला. सहकारात हा शब्द मी हजार वेळा लिहिला आहे, आणि हजार वेळा त्याचा अर्थ 'नाही' असाच निघाला आहे.

तू थांबला नाहीस. व्हॉल्व्ह बसवलेस, हँडलच्या ठोकळ्यातला आतला दांडाही बदललास, कारण हँडल मधोमध असताना दोन्ही नळ्यांतला दाब टाकीत उतरला नाही तर ती बारीक सळई अर्धवट ढकललेलीच राहते आणि दार पुरतं मिटत नाही. हे तू मला दोनदा समजावलंस; तिसऱ्यांदा म्हणालास, "ऱ्हाऊ द्या, तुमी पत्रंच लिव्हा." मग सकाळी पायाच्या चकचकीत दांड्यावर खडूनं रेघ मारलीस, गाडी उचललेली तशीच ठेवलीस आणि दिवस कलल्यावर मला हाक मारलीस. रेघ केसभरही सरकली नव्हती. तू उकिडवा बसून त्या रेघेकडे असा बघत होतास, जसं कुणी नुकत्याच उभ्या राहिलेल्या कोकराकडे बघावं.

आणि मी विचारलं, "हे आणले कुठून?"

"बंद पडलेल्या कारखान्यातून. ऊस उतरायची जुनी क्रेन भंगारात पडलीया, तिचे. स्टोअरवाला वळखीचा. म्हनला, घिऊन जा, गंजत पडलेतच."

"पावती?"

"भंगाराला कसली पावती, सायेब?"

लिंबाजी, आज इतकं झाल्यावरही माझं मत बदललेलं नाही: ज्या सामानाचा धनी ठरलेला नाही, ते संस्थेच्या यंत्रावर असू नये. तो कारखानाही सभासदांचाच होता. भंगार असलं तरी ती सभासदांची मालमत्ता, आणि एका सहकारी संस्थेची वस्तू दुसरीच्या यंत्रावर विनापावती सापडली, तर चोरीचा माल बाळगल्याचा ठपका तुझ्यावरच आला असता. संचालकांपैकी निदान दोघे त्याची वाट बघत होते, कारण तुझ्या आडून त्यांना माझी यादी मोडायची होती. मी तुला वाचवायलाच तो आदेश काढला, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण ते पुरतं खरंही नाही, म्हणून तो आदेश इथे जसाच्या तसा देतो.

'संघाच्या वेधन यंत्रावर विनापावती बसविण्यात आलेले चार नग व्हॉल्व्ह, संचालक मंडळाचा ठराव होईपर्यंत, तात्काळ काढून भांडारात जमा करावेत. तसेच यंत्राच्या कामात खंड पडू देऊ नये.'

खाली माझी सही.

पहिलं वाक्य मी आजही कुठल्याही न्यायालयात उभं करून दाखवीन. दुसरं वाक्य मला उभं करता येत नाही.

तू कागद वाचलास. वाचायला वेळ लावलास. मग म्हणालास, "हे काढल्यावर पाय बसंल."

"एका बैठकीपुरतं. पुढच्या बैठकीत मी स्वतः विषय मांडतो."

"अन् तवर गाडी हुबी करू?"

बाहेर तीन गावांची माणसं पाळीसाठी बसली होती. आत एका संचालकाची चिठ्ठी माझ्या टेबलावर होती, गाडी थांबली तर जाब विचारू म्हणून. मी तुझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

तू कचेरीच्या प्रतीवर मिळाल्याची सही केलीस आणि तुझी प्रत घडी घालून टोपीत ठेवलीस. व्हॉल्व्ह काढलेस, डिझेलनं धुतलेस, त्यांच्या तोंडात चिंध्या कोंबल्यास म्हणजे माती जाऊ नये, आणि भांडारात जमा केलेस. जाताना म्हणालास, "जपून ठिवा. परत लागतेल."

पुढचं तू जाणतोसच. पण हे पत्र पुढे वाचणारे जाणत नाहीत. दिंद्रुडच्या वाटेवर सोपानआबांच्या शेतात बोअर चालू होतं. जमीन उतरणीची. व्हॉल्व्ह नसल्यामुळे मागचा उजवा पाय सारखा बसत होता, म्हणून तू गाडीच्या सांगाड्याखाली लाकडी ठोकळे रचून वजन त्यांच्यावर घेतलं होतंस. पण पाय बसला की गाडी पुन्हा समतल करायला ते ठोकळे काढावे लागत, पाय उचलावा लागे, आणि ठोकळे परत रचावे लागत. त्या दिवशी हे तू कितीदा केलंस कोण जाणे. अशाच एका वेळी, ठोकळे काढलेले असताना, बोअरच्या तोंडाशी ओली माती दिसली. पाणी, पाणी, असा गलका झाला आणि हंडे घेऊन माणसं गाडीकडे धावली. त्याच क्षणी नळी फुटली. तेलाचा फवारा उडाला. तू ओरडलास, पुढे आलेल्या दोन बायांना हातानं मागे लोटलंस, आणि तुला स्वतःला मागे व्हायला जागा उरली नाही. अधांतरी असलेलं चाक तुझ्या डाव्या पावलावर आलं.

व्हॉल्व्ह पायाच्या तोंडाशी असता, तर नळी फुटून फक्त तेल सांडलं असतं. पाय बसला नसता. मुळात ठोकळे काढायला तुला तिथे जावंच लागलं नसतं. हे मला कोणी तंत्रज्ञानं सांगितलेलं नाही. तूच पायरीवर बसून, सायकलकडे बोट करून आधीच सांगितलं होतंस.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला: चालकाने नळीची तपासणी केली नाही, सबब चालकाचा निष्काळजीपणा. सचिव या नात्यानं कागदपत्रांची यादी मी तयार केली होती. पंचनामा, जबाब, नळीच्या खरेदीचे कागद, सगळं क्रमांक घालून. माझ्या आदेशाची स्थळप्रत, तुझ्या सहीची ती कचेरीची प्रत, त्यात मी लावली नाही. मला कुणी ती लावू नको म्हटलं नव्हतं. कुणाला तिची माहितीच नव्हती. फक्त तुला आणि मला. मी स्वतःशी म्हणालो, तो अंतर्गत पत्रव्यवहार आहे, चौकशीच्या कक्षेत येत नाही. हे बोलणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही सचिवाविरुद्ध मी वीस पानी तक्रार केली असती.

पाऊल गेलं. घोट्यापासून खाली काही उरलं नाही. आणि तू दवाखान्यात मला बघून म्हणालास, "एक पाय बसला, सायेब. बाकीचे शाबूत हायत." नर्स हसली, तूही हसलास. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

चार व्हॉल्व्हचा ठराव पुढच्याच बैठकीत झाला. एकमतानं. कारखान्याकडून रीतसर पत्र आलं, पावती आली, व्हॉल्व्ह परत बसले, आणि गाडीचा पाय त्यानंतर कधी बसला नाही. फक्त हँडलवर दुसरा माणूस होता. 'निष्काळजी' म्हणून ठपका असलेल्या चालकाला यंत्रावर ठेवता येत नाही, असा नियम आहे. तो नियमही मीच वाचून दाखवला.

तू वडवणीच्या बाजारतळाशेजारी पत्र्याखाली दुकान टाकलंस. ट्रॅक्टरच्या नळ्या, ट्रॉलीचे जॅक. माल ओतायला मागचा टप उचलणाऱ्या ट्रॉलीला लॉक वॉल नसेल तर तू तिच्या मालकाला शिव्या द्यायचास: "टप उचलून खाली कावून वाकतोस बे? मरायचं हाय का? आधी वॉल बसीव!" लोक तुझ्याकडे दुरुस्तीला येत, पण यंत्र चालवायला तुला कोणी दिलं नाही. एक खासगी बोअरवाला एकदा विचारायला आला होता. कुणीतरी त्याला चौकशीचं सांगितलं, आणि तो चहा अर्धा टाकून गेला. तू त्याचा कप विसळून ठेवलास. मी तिथेच बसलो होतो.

मग मी पत्रं लिहायला लागलो. नळी पुरवणाऱ्याविरुद्ध, चौकशी अधिकाऱ्याविरुद्ध, जिल्ह्याला, विभागाला. पुनर्विलोकन व्हावं, ठपका पुसला जावा. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता: नळी हलकीच होती, चौकशी एकतर्फीच होती. दर मसुदा मी तुला दुकानात येऊन वाचून दाखवी. तू हातातलं काम न थांबवता ऐकायचास. एकदा म्हणालास, "लई भारी लिव्हलंय. पर ह्यात माणूस कुठं हाय? नळी हाय, कलम हाय, माणूस न्हाई." मी चिडलो. कायदा माणसांसाठीच असतो, असं मी म्हणालो. तू म्हणालास, "कायदा म्हनतो, पडू नको. वॉल पडूच देत न्हाई." मी विचारलं, आणि त्या वॉलची खात्री कोण देणार? तू म्हणालास, "ज्यानं बसवला त्यो." हा आपला वाद कधी मिटला नाही. मला तो मिटायलाही नको होता. तेवढ्यासाठी मी बाजारच्या दिवशी गावात येत होतो.

पण वाचून संपलं की तू दर वेळी एकच शब्द म्हणायचास: "झालं?" आणि माझ्याकडे बघत राहायचास. मला वाटायचं, तू कंटाळलास. मी चष्मा पुसून उठायचो.

माझी पत्नी गेली तेव्हा तू कुबडी टेकत रोज आलास. एकही शब्द सांत्वनाचा बोलला नाहीस. अंगणातला हातपंप उघडलास आणि दहा दिवस तो दुरुस्त करत बसलास. तो बिघडलेला नव्हता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तुलाही. त्याबद्दल तुझे आभार मी मानले नाहीत. मला ते लिहून द्यायची सवय. तोंडानं कसं म्हणायचं हे ठाऊक नव्हतं. आज म्हणतो. तू नसतास तर त्या दहा दिवसांत मी त्या घरात राहिलो नसतो.

शेवटची भेट बीडच्या दवाखान्यात. तुझा आवाज खोल गेला होता. गयाबाई उशाशी बसली होती. तुझी बायको, जिनं इतकी वर्षं त्या दुकानाचा पत्रा, तुझी कुबडी आणि माझी पत्रवाचनं सोसली. ती औषध आणायला गेली आणि मी तुला विचारलं, जे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"लिंबाजी, त्या आदेशाची एक प्रत तुझ्याकडे होती. चौकशीत ती का दिली नाहीस? तू एका मिनिटात सुटला असतास."

तू पांघरूण छातीपर्यंत ओढलंस.

"तुमी द्याल म्हनून थांबलो."

मी म्हणालो... काय म्हणालो हे लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. मी म्हणालो, "आता अपिलाची मुदत उलटून गेली आहे."

तू हसलास. खोकला आला. मग म्हणालास, "डाक्टर मला मुदत देतेत, तुमी कागदाला देता. बरं चाललंय." आणि थोड्या वेळानं: "माझी प्रत टोपीत घामानं विरली, सायेब. वाचू येत न्हाई. तुमची चांगली असंल."

माझी चांगली आहे. प्लॅस्टिकच्या पाकिटात. मी ती दर वर्षी बघत होतो, वाळवी लागली नाही ना म्हणून.

गयाबाई औषध घेऊन आली. मी उठलो. तुला 'येतो' म्हणालो. तू हात वर केलास. चौथ्या दिवशी तू गेलास.

त्यानंतरच्या आठवड्यात संघाची वार्षिक सभा होती. गोदामात सतरंज्या टाकलेल्या. गयाबाईला मी निरोप धाडला होता की या, काम आहे. ती दाराशी बायकांबरोबर बसली होती. अहवाल झाला, ताळेबंद झाला, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असं म्हणताच मी उभा राहिलो.

अध्यक्ष म्हणाले, "काका, चौकशीचं आहे ना? ते संपलेलं प्रकरण आहे."

"प्रकरण संपलेलं नाही. त्यातला एक कागद दडवलेला आहे."

"कोणी दडवला?"

"मी."

गोदामात कुजबुज उठली. एक संचालक म्हणाले, असा विषय आगाऊ नोटिशीशिवाय घेता येत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. तेवढ्यात मागून सोपानआबा, ज्यांच्या शेतात ते बोअर झालं होतं, काठी आपटत उठले. "गप बसा बे! माझ्या शेतात त्या माणसाचं रगत सांडलंय. वाचू द्या त्यांला."

मी वाचलं. दोन्ही वाक्यं. तारखेसकट, सहीसकट. मग सांगितलं की या आदेशामुळे व्हॉल्व्ह काढले गेले, या आदेशामुळे गाडी चालू राहिली, आणि ही प्रत चौकशीपुढे ठेवणं माझं कर्तव्य असताना मी ती ठेवली नाही. सबब चालकाचा निष्काळजीपणा हा निष्कर्ष इतिवृत्तातून रद्द करावा आणि दोष तत्कालीन सचिवाकडे नोंदवावा. आवाज कापत होता. रागानं नव्हे, रागानं माझा आवाज कधी कापत नाही.

एक तरुण सभासद म्हणाला, "पण आता काय उपयोग? माणूस तर गेला." मी म्हणालो, ठराव मताला टाका.  हात वर झाले. बरेच झाले. अध्यक्षांनी ठराव मंजूर म्हटलं, नव्या सचिवानं लिहून घेतलं, आणि सभा चिवड्याच्या पुड्यांकडे वळली.

गयाबाई दाराशी तशीच बसून होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिला वाचता येत नाही. तिनं कागद हातात घेतला.

"ह्यात त्यांचं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. तुझी सही, तिरकी, मिळाल्याची.

"अन् तुमचं?"

मी बोट खाली नेलं.

तिनं दोन्हीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि अगदी हळू, भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "हे तवाच वाचलं असतं, तर त्यांच्या हातची गाडी सुटली नसती."

"नसती सुटली," मी म्हणालो.

ती वाट बघत राहिली, पुढे मी काही म्हणेन म्हणून. संचालकांची चिठ्ठी होती, यादी होती, चोरीच्या आळाचं भय होतं. सगळं माझ्या जिभेवर क्रमानं उभं होतं. मी त्यातलं काहीच बोललो नाही.